पुंजारामची गार पाण्याची अंघोळ

थंडीच्या दिवसांत बेलापूरच्या पेठेला सकाळी दोन गोष्टी नकोशा व्हायच्या. एक म्हणजे अंथरुणातून उठणं आणि दुसरा पुंजाराम. पन्नाशीचा हा गडी मळ्यातून ओल्या केसांनी, नुसत्या बंडीवर चहाच्या दुकानापुढे येऊन उभा राहायचा आणि मफलरी गुंडाळून बसलेल्या दुकानदारांना आरोग्य शिकवायचा. वीस वर्षांत आपल्याला पडसं ठाऊक नाही, कारण आपण पहाटे उघड्यावर विहिरीच्या पाण्यानं अंघोळ करतो, असं तो सांगे. नुसतं ऐकूनच लोकांच्या अंगावर काटा यायचा.

आता यात खोटं काहीच नव्हतं. पहाट खरी, उघड्यावर खरं, विहीरही खरी. फक्त थंडीत विहिरीचं पाणी उपसल्या उपसल्या चांगलं कोमट असतं, वाफा निघतात त्यातून, एवढंच सांगायचं राहून जाई. मळ्यात राबणाऱ्याला हे ठाऊकच असतं. पण पेठेला कोण सांगणार, आणि फुकटची करमणूक शेतकऱ्यांनी तरी का मोडावी?

घरी बायको राहीबाई दर हिवाळ्यात आलं, मिरी, गवती चहा आणि गूळ घालून काढा उकळायची. हा म्हणायचा, काढा लेच्यापेच्यांनी प्यावा. ती कप उचलून शेजारच्या साळूबाईला नेऊन द्यायची.

एकाहत्तरच्या जानेवारीत शाळेत आरोग्य सप्ताह निघाला. हेडमास्तर आबासाहेब नगर शहरात वाढलेले, भाबडे गृहस्थ. त्यांनी पुंजारामला पोरांपुढे अंघोळ करून दाखवायला बोलावलं. झालं, स्वारी हुरळली. त्यानं पेठेलाही आवतण दिलं आणि वर बोलून बसला, की आपण जर कुडकुडलो तर पुन्हा पेठेत आरोग्याचा शब्द काढणार नाही. या शब्दावाचून तर त्याचं सकाळी पोट साफ होत नसे.

गडी कच्चा नव्हता. त्या दिवशी पहाटेच त्यानं विहिरीचं पाणी उपसून हंडा भरला, त्याला गोणपाट गुंडाळलं आणि राहीबाईला घेऊन बैलगाडीनं शाळेत पोचला. पण आबासाहेबांचं मन मोठं. ते म्हणाले, तुम्ही कशाला त्रास घेतलात, आम्ही काल संध्याकाळीच पिंप भरून अंगणात ठेवलंय. शिपायानं तो हंडा नेला आणि शाळेच्या पपईला ओतला. पपईच्या बुडातून वाफा निघाल्या. त्या फक्त दोघांनी पाहिल्या, पुंजारामनं आणि राहीबाईनं.

पिंप रात्रभर उघड्यावर होतं. पहिला तांब्या डोक्यावर पडला आणि पुंजारामला सगळे पूर्वज एका रांगेत दिसले. आरोग्यावर चार शब्द बोलायचे होते, पण तोंडातून नुसतं ‘ह-ह-ह’ निघालं. माणूस हजरजबाबी म्हणून तरला. त्यानं त्याचंच ‘हर हर गंगे’ केलं. पोरांना चेव आला, तीही ओरडू लागली. तेवढ्यात आबासाहेबांनी प्रेमानं साबणाची वडी पुढे केली, कारण स्वच्छता हाही सप्ताहाचाच भाग होता. ती लावली म्हणजे धुणंही आलं. आणखी सात तांबे गेले.

एवढ्यात किराणावाला बन्सी पुढे सरकला. वीस वर्षं उपदेश ऐकून त्याचे कान किटले होते. त्यानं पुंजारामच्या दंडावर बोट ठेवलं आणि टॉवेल घेऊन उभ्या राहीबाईला विचारलं, “वहिनी, देवाशपथ सांगा, ह्यो काटा थंडीचाच ना?”

पुंजारामनं बायकोकडे पाहिलं. वीस हिवाळ्यांचे कप त्याला एकदम आठवले आणि आता आपलं काही खरं नाही असं त्यानं मनाशी धरलं.

राहीबाईनं पदर सारखा केला. “न्हाई भावजी. गंगेचं नाव घेतलं की त्यांचं अंग असंच शहारतं.”

आबासाहेबांनी हात जोडले. नाइलाजानं बन्सीनंही जोडले.

परतीच्या वाटेवर गाडीत राहीबाईनं गोणपाटात गुंडाळलेली किटली काढली. काढा अजून गरम होता. पुंजारामचे दात वाजत होते. त्यानं विचारलं, “तुला आधीपास्नं ठावं हुतं?”

“वीस वर्सं त्याच पान्यात मी तुमची धोतरं धुतीया.”

“मंग बोलली का न्हाईस?”

“तुमाला तेवढंच एक सुख हाय,” ती म्हणाली आणि कप भरला. तो त्यानं रिकामा केला, पुन्हा पुढे केला आणि मान खाली घालूनच बसला.

दुसऱ्या दिवशी पुंजाराम मफलर गुंडाळून पेठेत आला. वीस वर्षांत आपल्याला पडसं ठाऊक नाही, त्यानं सांगितलं, कारण आपण रोज राहीच्या हातचा काढा पितो. आजवरच्या उपदेशातलं हे त्याचं पहिलं धडधडीत खोटं. आणि मग तो असा काही शिंकला, की बन्सीच्या हातातल्या बशीतला चहा सांडला.