शिट्टी वाजेपर्यंत

फोन भानूच्याच नंबरवरून आला. म्हणून मी उचलल्या उचलल्याच विचारलं, "काय रे, चहा टाकू का?" तर पलीकडून पोरीचा आवाज... "आक्का, सर उठत नायत."

भानू माझा धाकटा भाऊ. कंपनीत कामाला, अन् रोज सकाळी बजाजनगरच्या मैदानावर पोरींना हॉकी शिकवायचा. सव्वा महिना झाला त्याला जाऊन. म्हणायचा, "आक्का, वीस पोरी एकदम खेळवल्या की चेंडू चौघींनाच भेटतो, बाकीच्या नुसत्या पळतात." म्हणून त्यानं तिघी-तिघी बोलवायला सुरुवात केली. एकीनं चेंडू न्यायचा, दुसरीनं हिसकायचा, तिसरीनं बघून चूक सांगायची. शिट्टी वाजली की कामं बदलायची. पण शिट्टी वाजेपर्यंत तिघींपैकी कुणीच चेंडूवरची नजर काढायची नाही. हात पक्के झाले की मग मान वर करायला शिकवतो, म्हणायचा. स्वतः रेघेवर उकिडवा बसून त्यांची मनगटं बघायचा.

बिडकीनकडची सविता त्याची लाडकी. मेंढरं राखणाऱ्या घरातली. एकदा तो ओरडला, "अगं, म्हशी हाकलतीस का चेंडू नेतीस?" तर म्हणते कशी, "सर, आमच्यात मेंढ्या असत्यात, म्हशी नाय!" घरी येऊन मला सांगताना हसून हसून ठसका लागला होता त्याला.

त्या सकाळीही तो असाच रेघेवर बसला. शिट्टी वाजलीच नाही. पोरी खेळत राहिल्या... सविता चेंडू नेतच राहिली. तिला वाटलं, आज आपलं लई भारी चाललंय, म्हणून सर थांबवत नायत.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणलं असतं तर... सविता तिथंच उभी होती. त्या दिवसापासून तिनं स्टिकला हात लावला नाही.

मी तिच्या घरी गेले. खाली मान घालून म्हणाली, "आक्का, मी एकदा जरी वर बघितलं असतं..." मग जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. दोन दिवस आधी भानू माझ्यासमोर छाती चोळत बसला होता, घामानं भिजलेला. "मी तर त्याच्याकडंच बघत होते गं. अन् मूठभर ओवा दिला. वर बोललेसुद्धा, भजी कमी खात जा म्हणून."

ती उठली अन् म्हणाली, "पाणी देऊ?"

पुढच्या आठवड्यात ती मैदानावर आली. आता दोन लहान पोरींना तीच शिकवते. मी रेघेजवळ खुर्ची टाकून बसते. मला खेळातलं काही कळत नाही. पण चेंडू नेता नेता सविता मान वर करते, "आक्का?" मी म्हणते, "हाय गं, हाय." की पुन्हा सुरू.

परवा मी चष्मा पुसत होते, ओ द्यायला थोडा उशीर झाला. वर बघते तर स्टिका टाकून तिघीही माझ्याकडं पळत येत होत्या.