नकाशातल्या विहिरीचं पाणी

इथले भुताखेतांचे अनुभव मी गेली तीन-चार वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा हसायलाच वाचतो. कुणाला पांढरी साडी दिसते, कुणाची गाडी नेमकी पुलावरच बंद पडते... बायकोला वाचून दाखवायचो आणि दोघं हसायचो. माझं कामच मोजमापाचं. जे अक्षांश-रेखांशात बसत नाही ते नाहीच, इतका सरळ मामला. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय. पण घरात या विषयावर कुणी बोलत नाही, म्हणून इथे लिहितो.

मी सोलापुरात एका छोट्या ऑफिसात नकाशांचं काम करतो. गेल्या वर्षी आमच्याकडे जुन्या विहिरींचं काम आलं. इंग्रजांच्या वेळचे टोपोशीट, म्हणजे मोजणीचे जुने नकाशे — एक इंचाला एक मैल, पिवळे पडलेले — स्कॅन करायचे, कोपऱ्यांवरच्या आकड्यांवरून आजच्या सॅटेलाइट फोटोवर बसवायचे, आणि त्यातली प्रत्येक विहीर शोधून तिच्यापुढे लिहायचं: चालू, कोरडी की बुजलेली. नकाशात विहीर म्हणजे एक बारीकसं निळं वर्तुळ. दिवसभर ती बघून जेवताना ताटातही निळं दिसायचं.

मंद्रूपच्या पलीकडच्या भागाचं एक प्रिंट मी आप्पांसाठी घरी आणलं. आप्पा म्हणजे माझे वडील. आमचं घराणं मेंढरांमागे फिरणारं, खुर्चीत बसणारा मी पहिलाच. आप्पांना अक्षर वाचता येत नव्हतं. पण कागद फरशीवर पसरला तसे ते उकिडवे बसले, ओढ्याच्या रेषेवरून बोट फिरवत गेले आणि एका वर्तुळापाशी थांबले.

"ही चिंचंची हीर. माजी आई हितं पानी शेंदायची. दगडाची डोणी हाय बग, मेंढरं त्यात प्याची. जरा मचूळ लागतंय पानी, पर मेंढरांस्नी लई ग्वाड."

"आता बुजली असेल ती, आप्पा."

"हीर कुटं जातीया रं? जाग्यावरच हाय की ती. एकडाव दावून आन मला."

रविवारी जाऊ म्हणालो. तो रविवार गेला, पुढचाही गेला. आप्पा रागावले नाहीत. रोज सकाळी कागद उघडायचे, बघायचे आणि घडी घालून उशीखाली ठेवायचे.

त्यांची एक सवय सांगायला हवी. आधी मुकं जनावर, मग वाटसरू, मग घरची माणसं, आणि सगळ्यात शेवटी आपण, असा त्यांचा पाण्याचा नियम होता. घरात मेंढरं नव्हती तरी तो सुटला नव्हता. मी ऑफिसातून आलो की पाण्याचा तांब्या माझ्यापुढे यायचा, आणि मी प्यायल्याशिवाय ते स्वतः घोटभर घ्यायचे नाहीत. बायको थट्टा करायची, "आप्पा, एखाद्या दिवशी ह्यांना उशीर झाला तर तुम्ही काय तहानलेलेच बसणार?" आप्पा नुसते हसायचे.

मे महिन्यातला एक कामाचा दिवस होता. अकराच्या सुमारास आप्पांचा फोन आला. आवाज एकदम ताजा.

"मी हिरीवर हाय. यष्टीनं मंद्रूपला आलो, पुडं चालत. पानी हाय रं हिला! ये तू."

मी चिडलो. ऊन मी म्हणत होतं, आणि हे म्हातारपणी एकटे निघालेले. "तिथंच सावलीला बसा, हलू नका," म्हणालो आणि गाडी काढली. विहिरीचा पॉइंट मोबाईलमध्ये होताच. शोधायचं काही नव्हतं.

बाराच्या पुढे मी बरोबर त्या पॉइंटवर उभा होतो. नांगरलेली काळी जमीन. झाड नाही, विहीर नाही, आप्पा नाहीत. फोन लागेना. हाका मारल्या, पण आप्पांना कमी ऐकू यायचं. डावीकडे दोन शेतं सोडून वेड्या बाभळींची दाट रांग होती. तिच्या पलीकडून आवाज येत होता... कर्र-कर्र, थांबून पुन्हा कर्र-कर्र. रहाटाचा आवाज. लहानपणी ऐकलेला, चुकायचा नाही. मी तिकडे मान वळवली, मग मोबाईल बघितला. मोबाईल म्हणत होता विहीर इथेच. मी इथेच शोधत राहिलो. बांधाबांधाने, गोल-गोल, तासाच्या वर.

शेवटी पायवाटेने एक बाई शेळ्या घेऊन आल्या. मालनबाई, जवळच्याच वस्तीवरच्या. त्यांना विचारलं.

"त्यो काय, बाबळीपल्याड डोणीपाशी बसलाय की. मला पानी पाजलं, लई गार. तुमचा बा व्हय?"

मी पळत गेलो. जमिनीत निम्मी गाडलेली दगडी डोणी होती. आप्पा तिला टेकून बसले होते, टॉवेल तोंडावर ओढून. झोपलेत असं वाटलं मला. शेजारी घरचीच प्लास्टिकची बाटली, काठोकाठ भरलेली. माझा घसा चिकटला होता. मी बाटली उचलली आणि निम्मी प्यायलो. पाणी गार होतं. जरासं मचूळ.

मग "आप्पा, घ्या," म्हणून बाटली पुढे केली. त्यांनी घेतली नाही. टॉवेल बाजूला केला तेव्हा कळलं.

ओठ कोरडे होते, फुटलेले. दोन्ही तळव्यांवर दोराचे वळ होते, लालभडक.

अँब्युलन्स येईपर्यंत मालनबाई माझ्याजवळ बसून राहिल्या. मी विहीर कुठे आहे म्हणून विचारलं. त्यांनी समोरच्या सपाट जमिनीकडे हात केला.

"हितं हुती म्हणत्यात. मी नांदायला आले तवाच बुजल्याली. आता पेरत्यात की त्यावर."

"मग पाणी?"

"डोणी भरल्याली हुती. कोन टँकर वतून गेला आसंल म्हनलं मी. आदी माज्या शेळ्यांस्नी पाजलं त्यानी, मग बाटली मला दिली. म्या म्हनलं, बाबा तुमी बी घ्या की, त्वांड बगा कसं सुकलंय. तर न्हाई म्हनले. पुना बाटली भरून घेतली आन् बसले. पोरगा येतोय मागनं, म्हनले. त्यो पिला की मी पितो."

डोणीच्या तळाला ओल होती. भोवती शेळ्यांच्या खुरांचे ठसे, ओल्या मातीत.

डॉक्टर म्हणाले, उष्माघात. अर्धा-पाऊण तास आधी पाणी पोटात गेलं असतं तर कदाचित... मी तेव्हा रडलो नाही. अजूनही रडलो नाही. बायको म्हणते एकदा रडा, मोकळे व्हाल. येत नाही, काय करू?

आठ दिवसांनी ऑफिसात शीट उघडलं तेव्हा चूक दिसली. जुने नकाशे पृथ्वीचा वेगळा आकार धरून काढलेले, जीपीएसचा आकार वेगळा. ती दुरुस्ती दिली नाही तर प्रत्येक खूण थोडी सरकते. नव्या माणसांना हे पहिल्या दिवशी मीच शिकवतो. त्या शीटला ती द्यायची मीच विसरलो होतो. दुरुस्ती दिली तसं निळं वर्तुळ दोन शेतं सरकलं आणि बाभळींच्या पलीकडे जाऊन बसलं.

तुम्ही म्हणाल, बाटली मंद्रूपच्या स्टँडवर भरली असेल. असेल. डोणी टँकरने भरली असेल. असेल. मी चौकशी केली, त्या बाजूला त्या दिवशी टँकर गेल्याचं कुणी सांगत नाही, पण कुणी बघितला नसेल. मचूळ पाणी तर आमच्या भागात कुठेही मिळतं. तळव्यांवरच्या वळांचं आणि त्या आवाजाचं काय, ते मला सांगता येत नाही. विहिरीची जागा मी स्वतः चालून बघितली. पायाखाली घट्ट माती आहे.

तेवढी एक नोंद अजून रिकामी आहे. परवा साहेबांनी विचारलं, एवढं एकच काय राहिलंय, बुजलेली लिहून टाका. त्यांचं बरोबर आहे, ती बुजलेलीच आहे. मी लिहायला बसतो आणि हात थांबतो. कारण तिचं पाणी मी प्यायलोय... आणि आप्पा माझ्यानंतर पिणार होते.