सुचेताबाईंचा डावा कान

इंग्लंडातल्या मिल्टन कीन्समध्ये सुचेता नेरूरकर यांना मराठी मंडळी दोन गोष्टींसाठी ओळखायची. एक म्हणजे त्या मिडवाइफ होत्या, आणि मंडळात बागडणाऱ्या निम्म्या पोरांना या जगात आल्यावर पहिला हात त्यांचाच लागला होता. दुसरी म्हणजे त्या रायफल घेऊन हरणं मारायला जायच्या. ही दुसरी गोष्ट दबक्या आवाजात सांगितली जायची. "बाईमाणूस असून!" म्हणत बायका नाकं मुरडायच्या, आणि मालवणी मसाल्यातलं ते मटण गणपतीनंतरच्या गेट-टुगेदरला आलं की त्याच बायका उरलेलं न्यायला डबे पुढे करायच्या.

आता बाई हरणांच्या जिवावर उठल्या होत्या असं नव्हे. ब्रायन नावाच्या एका शेतकऱ्याच्या बायकोची दोन्ही बाळंतपणं त्यांनी केली होती. त्याच्या शेताला लागून एक जुनं रान होतं आणि त्यात मंटजॅक नावाची, मोठ्या कुत्र्याएवढी हरणं इतकी वाढली होती की नव्या झाडाचा कोंब म्हणून वर येऊ देत नव्हती. ती अधूनमधून कमी करावीच लागत. ब्रायनने एकदा बाईंना सोबत नेलं. बाई अशा काही रमल्या की रीतसर शिकून, पोलिसांचा परवाना काढून मोकळ्या झाल्या. वॉर्डातल्या आरडाओरड्यानंतर त्या रानातली शांतता त्यांना फार हवीहवीशी वाटायची. त्यांचे यजमान गिरीश, रिटायर्ड इंजिनिअर, "तुझं हे एक खूळ" असं म्हणायचे आणि सकाळी निमूटपणे थर्मासमध्ये चहा भरून द्यायचे.

पण त्या शांततेतच एके दिवशी बाईंना डाव्या कानात एक बारीक शिट्टी ऐकू आली. आधी वाटलं, लांब कुठे प्रेशर कुकर लावलाय की काय. रानात कुठला आलाय कुकर! ती शिट्टी गाडीत बसल्यावरही आली, घरी आली, आणि मग राहिलीच. उजव्या खांद्याला रायफल लावली की डावा कान नळीच्या तोंडाकडे वळतो, त्यामुळे आवाजाचा मार त्यालाच जास्त बसतो. कानांवर आवाज अडवणारे डिफेंडर घालावेत हे बाईंना समजत नव्हतं थोडंच? पण ते घातले की पाचोळ्याची सळसळ कळत नाही, म्हणून त्या घालायच्या नाहीत. एखाद्या पेशंटने असा हट्ट केला असता तर बाईंनी तिला चांगलंच फैलावर घेतलं असतं.

खरी भीती रानातली नव्हती, दवाखान्यातली होती. बाळाचे ठोके ऐकायला बाई अजूनही आधी पिनार्ड वापरायच्या. पिनार्ड म्हणजे कर्ण्यासारखी एक छोटी लाकडी नळी, रुंद तोंड आईच्या पोटावर आणि दुसरं टोक आपल्या कानाला. तरुण मिडवाइफ हसायच्या, कारण हातात धरायचं मशीन केव्हाच आलं होतं. "मशीन कधीकधी आईचीच नाडी पकडतं आणि बाळाची म्हणून ऐकवतं," बाई त्यांना सांगायच्या. "आधी कान, मग मशीन." आणि हा कान जन्मभर डावाच होता. आता त्या नाजूक ठोक्यांवर शिट्टी बसायला लागली होती. एखाद्या दिवशी मला ऐकू आलं नाही आणि सवयीने मी 'आलं' म्हणून बसले तर? त्यांनी हे कुणालाच सांगितलं नाही, गिरीशनाही नाही. कान तपासून घ्यायचीसुद्धा त्यांना धास्ती वाटत होती. आवाज कमी केला की शिट्टी वाढायची थांबेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि रायफलला मॉडरेटर बसवायचं ठरवलं.

"म्हणजे सायलेन्सर," गिरीश म्हणाले. "स्कूटरला असतो तसा."

"तसाच. पण अहो, आवाज जात नाही हं पूर्ण. फक्त त्याची धार जाते."

पोलिसांकडून परवान्यात त्याची भर पडेपर्यंत बाईंना धीर नव्हता. पडली तशा त्या गिरीशना घेऊन बंदुकांच्या दुकानात हजर. दुकानदार म्हातारा होता आणि त्याला घाई म्हणून नव्हती. त्याने आधी स्टीलचा एक दणकट मॉडरेटर काढला. याचा बराचसा भाग नळीवर मागे सरकून बसायचा, त्यामुळे लांबी फार वाढत नव्हती. आवाजही चांगला मारतो, म्हणाला. बाईंनी रायफल दोन काठ्यांच्या बेचक्यात ठेवून भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरला. थोड्या वेळातच डाव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ आली. तिथे संधिवात घर करून होता. रायफलवरच्या दुर्बिणीतली काळी फुली कॅलेंडरवरून घसरून खाली टेबलापर्यंत आली.

मग त्याने अॅल्युमिनियमचा काढला. आखूड, हलका, नळीच्या टोकाला स्क्रू करायचा. फुली जागच्या जागी राहिली. बाईंचा जीव हलका व्हायला हवा होता, पण झाला नाही.

"हलका म्हणजे कमी काम करणारा का?" त्यांनी विचारलं.

थोडासा, दुकानदार म्हणाला. शिवाय हलक्याची निगा जास्त. वापरून झाला की लगेच काढायचा, आतली ओल सुकवायची, नाहीतर धातू आतून खाल्ला जातो. लावताना पार शेवटपर्यंत बसलाय ना ते बघायचं. आणि डिफेंडर घालायचे ते घालायचेच.

बाईंनी दोन्ही मॉडरेटर पुन्हा पुन्हा हातात घेतले. जड घ्यावा तर हात थरथरणार, नेम चुकून जनावर जखमी होऊन पळणार, कुठेतरी झुडपात तडफडत मरणार. हलका घ्यावा तर कान. एक पाप हाताचं, एक कानाचं. गिरीशनी दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटी बाईंनी हलका उचलला, पण गाडीत बसल्यावर घरापर्यंत "बरोबर घेतला ना हो?" एवढंच विचारत राहिल्या.

"अगं, इट्स डन नाऊ," गिरीश म्हणाले. "तो माणूस काय खोटं बोलतोय?"

सुरुवात छान झाली. मॉडरेटर लावला की गोळी थोडी वेगळीकडे जाते, म्हणून बाईंनी ब्रायनच्या शेतात कागदी निशाणावर गोळ्या झाडून दुर्बीण नव्याने जुळवून घेतली. आवाज खरंच बोथट झाला होता. घरी आल्यावर त्या मॉडरेटर काढून एअरिंग कबर्डमध्ये, बॉयलरच्या उबेत, टॉवेलांशेजारी सुकत ठेवायच्या. तो काढताना मात्र अंगठा असा ठणकायचा की त्या ओठ चावायच्या. गिरीश ते बघत असायचे.

आता कोकणातल्या माणसाला कुठलीही गोष्ट अडली की एकच उपाय सुचतो. गिरीशनी दाराच्या बिजागऱ्यांना, शिलाई मशीनला, सूटकेसच्या चेनला, नातीच्या सायकललासुद्धा खोबरेल तेल लावलं होतं. इतकी वर्षं इंजिनिअर म्हणून काढली तरी घरात शिरल्यावर त्यांच्यातला नेरूरचा माणूस जागा व्हायचा. खोबरेलची बाटली थंडीत गोठू नये म्हणून एअरिंग कबर्डमध्येच असायची. एका शनिवारी बाई अंघोळीला गेल्या असताना त्यांनी मॉडरेटरच्या आट्यांमध्ये चांगलं सढळ हाताने तेल सोडलं. बायकोचा हात दुखतो, तिला मदत होईल, एवढंच त्यांच्या मनात होतं. सांगायची त्यांना गरजच वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं ब्रायनच्या रानाशी पोचले तेव्हा गवत हिमाने पांढरं पडलं होतं. बाईंनी गाडीशी उभं राहून मॉडरेटर लावला. बोटं बधिर झाली होती. आटे घट्ट लागले, पुढे फिरेना, तेव्हा बसला असं त्यांनी धरलं. शेवटपर्यंत बसलाय का, हे बघायला वाकल्या, पण चष्म्यावर वाफ धरली होती. एरवी त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं असतं. त्या दिवशी रानाच्या कडेला एक मंटजॅक ऐटीत उभं दिसत होतं.

बाईंनी डिफेंडर न घालताच काठ्या रोवल्या, नेम धरला, चाप ओढला. पत्र्यावर घण बसावा तसा आवाज झाला. मॉडरेटरचं पुढचं तोंड फाटून वाकडं झालं होतं. तो अर्धवट, तिरका बसला होता आणि गोळी आतल्या भिंतीला घासून भलतीकडेच गेली होती.

"लागलं का त्याला? अहो, लागलं का?" बाई ओरडत होत्या. त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. दोघं धावत गेले. गवतावर रक्त नव्हतं, केस नव्हते. बाई वाकून वाकून शोधत होत्या आणि तोंडाने "देवा, नको, देवा, नको" चाललं होतं.

"सुचेता, अगं ते भुंकतंय बघ," गिरीश म्हणाले. मंटजॅक बिथरलं की कुत्र्यासारखं भुंकतं. "जोरात भुंकतंय. म्हणजे धडधाकट आहे."

बाईंनी ऐकायचा प्रयत्न केला. भुंकणं अंधूक येत होतं. त्या उजवीकडे वळल्या.

"तिकडे कुठे? डावीकडे आहे ते. इथेच, झाडांत."

बाई तशाच उभ्या राहिल्या. आवाज कुठून येतोय हेच त्यांना कळत नव्हतं. डाव्या बाजूला शिट्टीशिवाय काही उरलं नव्हतं. गिरीश त्या बाजूने काहीतरी बोलत होते, त्यांचे ओठ हलताना दिसत होते.

त्यांच्या हातात तो फाटका मॉडरेटर होता, आणि आट्यांमध्ये चुन्यासारखं पांढरं काहीतरी घट्ट बसलेलं. बाईंनी ते नखाने उकरलं आणि नाकाशी नेलं. न्हाणीघरातल्या खोबरेलाचा वास आला, गोठलेलं तेल होतं ते.

"मी लावलं होतं," गिरीश म्हणाले. आता ते समोर आले होते. "तुझा अंगठा दुखतो ना, म्हणून. मला काय माहीत, सायलेन्सरला..."

"माझा कान गेला हो," बाई म्हणाल्या. "आधीच जात होता. मी तुम्हाला सांगितलं नाही." आणि त्या ढसाढसा रडल्या. नवऱ्यावर चिडायचं होतं, ते राहूनच गेलं.

सोमवारी कानाच्या डॉक्टरकडे नंबर लावून बाई क्लिनिकला गेल्या. नको जाऊस, असं गिरीश म्हणाले होते. पण निधीची अपॉइंटमेंट होती. निधी नागपूरची, नवरा सॉफ्टवेअरमध्ये, पहिलंच बाळंतपण, आणि आईला व्हिसा मिळत नव्हता. बाईंना ती काकू म्हणायची आणि त्यांच्याच भरवशावर दिवस काढत होती.

निधी आडवी झाली. बाई नेहमीप्रमाणे तिच्या उजव्या अंगाला उभ्या राहिल्या, तिच्या पावलांकडे तोंड करून वाकल्या आणि पिनार्डला डावा कान लावला. नुसती शिट्टी. नळी थोडी सरकवली, श्वास रोखला. काहीच नाही.

उजवा कान लावायचा तर आईच्या चेहऱ्याकडे तोंड करावं लागतं. बाईंनी तसं कधी केलं नव्हतं. त्यांनी तोंड फिरवलं आणि वाकून उजवा कान लावला. निधीचे डोळे अगदी समोर होते. अनोळखी कानाने त्या ठोके शोधत राहिल्या, आणि इतकी वर्षं जे कुठल्याच आईला दिसलं नव्हतं ते निधीला दिसलं. बाई घाबरलेल्या होत्या.

"काकू, काय झालं? बाळ ठीक आहे नं?" निधी उठूनच बसायला लागली. "काकू, सांगा नं!"

तेवढ्यात ते लागले. बारीक, भराभर, एका लयीत. बाईंनी दुसऱ्या हाताने निधीची नाडी धरून पाहिली, ती वेगळी होती. मग मशीन लावलं, आणि खोलीभर ठोके घुमले. निधी रडायला लागली.

"बाळ मस्त आहे गं. उगाच घाबरवलं तुला." बाईंनी मशीन बंद केलं. एवढ्यावर थांबता आलं असतं. निधीने डोळे पुसले होते, ती हसायच्या बेतात होती. पण बाई थांबल्या नाहीत. "माझ्या डाव्या कानाला ऐकू येत नाहीये, निधी. आत्ता मला ठोके सापडत नव्हते. आजच मी मॅनेजरला सांगणार आहे."

"पण माझ्या डिलिव्हरीला तर तुम्हीच असाल नं, काकू?"

बाईंनी तिचा हात हातात घेतला.

"नाही गं," त्या म्हणाल्या.