कानबाईच्या ओढणीवर रुपचंद

जळगावात माझं भरतकामाच्या दोऱ्याचं दुकान आहे आणि वरच्या मजल्यावर रुपचंद आहे. तो कॉम्प्युटरवर भरतकामाची डिझाइनं करतो. धंद्यात याला पंचिंग म्हणतात. टाका कुठून कुठे जाईल ते स्क्रीनवर आखायचं, मशीन तसंच शिवतं. काम चांगलं आहे, माणूस भिकार. सुरतेच्या साड्यांच्या फोटोंवर माउस फिरवतो आणि पाटीवर स्वतःला 'फॅशन डिझायनर' म्हणवतो. मशीनजवळ कधी जात नाही, शर्टाला तेल लागतं म्हणे.

चोराला स्वतःचं चोरीला जाण्याची भारी धास्ती. म्हणून हा प्रत्येक डिझाइनमध्ये एखाद्या पानाच्या पोटात आपलं नाव घालतो. पानाचा आणि नावाचा दोरा एकच, त्यामुळे कुणाला दिसत नाही.

यंदा श्रावणात आमच्या गल्लीतल्या यशोदाबाईंकडे सगळ्या भाऊबंदांची कानबाई, आमची खानदेशची देवी, बसणार होती. त्यांच्या घरी पहिल्यांदाच. हिला काही जमायचं नाही, असं थोरली जाऊ आधीच सांगत सुटली होती. यशोदाबाईंना एकच हवं होतं, सासूच्या विरलेल्या ओढणीवरची वेल देवीच्या नव्या ओढणीवर. त्या रुपचंदकडे गेल्या.

त्याने वेल आखली आणि देवीच्या ओढणीतही नाव घातलंच. लाज कशाशी खातात ते त्याला माहीत नाही. पण या वेळी घाईत नावाचा भाग पानापासून वेगळा राहिला. नवा भाग आला की मशीन दोरा बदलायला थांबतं. कारखान्यातल्या कारागिराने नाव पाहिलं, ते घरधन्याचंच असणार असं धरलं आणि कौतुकाने सोनेरी रीळ चढवलं.

ओढणी रविवारी सकाळी घडी घालून आली आणि पूजेच्या गडबडीत न बघताच देवीला पांघरली गेली. आरती झाल्यावर थोरली जाऊ पाया पडायला वाकली, काठाकडे बघत राहिली आणि सगळ्या बायांना ऐकू जाईल अशी म्हणाली,

"यशोदा, कानबाई कोनी शे? तुनी का रुपचंदनी?"

बाया हसल्या. मला या जावेचीही तेवढीच किळस आली. एवढ्या हौसेने सगळं करणाऱ्या बाईचं तोंड तिने देवीसमोर काळं केलं. बसलेल्या कानबाईची ओढणी उतरवत नाहीत. यशोदाबाई आत जाऊन नैवेद्याच्या रोटाचं पीठ मळू लागल्या. डोळे पुसायला त्यांचा हातही मोकळा नव्हता.

सोमवारी विसर्जनाला त्या डोक्यावर कानबाई घेऊन निघाल्या. एका हाताने पाट सावरत होत्या आणि दुसऱ्या मुठीत ओढणीचा तो काठ आवळून धरला होता. कोपऱ्यावर रुपचंद मोबाइल घेऊन उभा. झालेला सगळा प्रकार त्याच्या कानावर गेला होता. मला वाटलं, माफी मागायला आलाय.

"अक्का, हात जरा बाजूला घ्या," तो म्हणाला. "फोटोत नाव येत नाहीये."

यशोदाबाईंनी मूठ सोडली नाही. त्याने त्या मुठीचाच फोटो काढला, खाली आपलं नाव टाकलं आणि गल्लीभर पाठवला.