सावंतांच्या घराचा ताबा

अप्पा गेल्याला आता महिना होत आला. भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणत होता, "देवमाणूस होता हो!" मी त्यांची मुलगी. मान हलवत होते आणि नजर खाली ठेवत होते... मला सावंतांचं घर आठवत होतं.

आम्ही गिरगावच्या चाळीत राहायचो. अप्पा एका लहानशा पतपेढीत व्यवस्थापक होते. घर गहाण ठेवून कर्ज द्यायचं, हे त्यांचं काम. सावंतकाका त्यांचे शाळासोबती, छापखान्यात कारकून. दादरला दोन खोल्यांचा ब्लॉक घ्यायला ते कचरत होते. आमच्याच खोलीत बसून त्यांनी विचारलं, "एवढा हप्ता झेपेल का रे मला?" अप्पा हसले. "घे बिनधास्त. अडलंच काही, तर मी बसलोय ना!" पेढीला कर्जदार हवे होते आणि अप्पांना संचालकांची शाबासकी.

मग संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस आले. काका सत्याग्रह करून तुरुंगात गेले, मागे नोकरी गेली, हप्ते थांबले. काकू आमच्याकडे आल्या, बसल्याही नाहीत. "भावोजी, तुम्ही म्हणाला होतात... हे सुटेपर्यंत थांबा, एवढंच." अप्पांनी पुन्हा शब्द दिला. पण संचालकांच्या बैठकीत कुणीतरी विचारलं, "मुदत वाढवू, पण जबाबदारी कोण घेणार?" आणि चौपाटीच्या सभेत घसा बसेपर्यंत घोषणा देणारे माझे वडील तिथं गप्प बसले. हे त्यांनीच आईला सांगितलं, भिंतीकडे तोंड करून.

कोर्टाचा हुकूम निघाला. ताबा घ्यायला बेलिफाबरोबर पेढीतर्फे अप्पांनाच जावं लागलं. काकू दारातच म्हणाल्या, "भात टाकलाय. पोरं जेवू देत." बेलीफ कुरकुरला. अप्पा जिन्यावर बसून राहिले. आतून ताटांचा आवाज येत होता... मग काकूंनी भांडी घासली, केर काढला आणि मुलांना घेऊन त्या जिना उतरल्या. अप्पांनी पाय आवरून वाट दिली. "माझ्यासाठी घर झाडून दिलं गं तिनं," म्हातारपणी ते मला एवढंच म्हणाले.

काका सुटल्याचं कळल्यावर अप्पा मला घेऊन घोडपदेवला गेले. तिथं काकांच्या भावाच्या एका खोलीत ते सगळे राहत होते. लेक बरोबर असली की दार तोंडावर लागणार नाही, असं अप्पांना वाटलं असावं. काका गॅलरीत आले.

"माझं चुकलं रे," अप्पा म्हणाले.

"तुमचं कसं चुकेल? कर्ज आम्ही काढलं. तुम्ही आहात म्हणून काढलं, इतकंच."

शाळेपासूनच्या मित्राला काका पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हणाले होते. ते आत निघून गेले. परतताना अप्पांनी माझा हात धरला नाही. खरं सांगायचं तर, मलाही तो धरावासा वाटला नाही.

त्यानंतर कर्ज मागायला आलेल्याची अप्पा आधी घरची सगळी चौकशी करायचे, कित्येकांना परत पाठवायचे. संचालक चिडले, बढती अडली. निवृत्तीनंतरही ओळखीपाळखीचे लोक घर घेण्याआधी त्यांच्याकडे यायचे. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ते विचारायचे, "हप्ता थांबला तर कर्ज देणारा तुमच्याशी कसा वागेल, ते विचारलंत का? तोंडच्या शब्दावर जाऊ नका."

मागच्या आठवड्यात एक तरुण जोडपं आलं. अप्पा गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. मी त्यांना बसवलं आणि अप्पांचा म्हणून तोच प्रश्न विचारला. मुलानं तो लिहून घेतला. निघताना ती मुलगी म्हणाली, "अप्पा किती विचार करायचे ना लोकांचा!"

मी हो म्हटलं. हे शहाणपण कुणाचं घर जाऊन आलं, ते सांगायला माझी जीभ रेटली नाही.