अठरा विसांच्या बाहेरचे दिवस

"आज आपन गरीब न्हाय, मास्तर. जेवाय या." मामा दारात उभे राहून असं म्हणत आणि खांद्यावरचं धुतलेलं उपरणं उगाच सारखं करत.

एकोणीसशे तिसाच्या आधीची दोन-चार वर्षं मी सोलापुरात शाळामास्तर होतो. मामा आमच्या बोळात एकटेच राहत. मूळचे जेऊरकडचे मेंढपाळ. दुष्काळात मेंढरं गेली, मागोमाग बायको गेली, आणि हे गिरणीत सुताचे गठ्ठे उचलायला आले.

या श्रीमंतीचं मूळ माझ्याच बडबडीत होतं. घरात अठराविसे दारिद्र्य, असं ते एकदा सहज बोलून गेले. मला समजावून सांगायची भारी खोड. म्हटलं, अठरा विसा म्हणजे तीनशे साठ. जुन्या हिशेबात वर्षाचे दिवस तेवढेच. म्हणजे गरिबीतून एका दिवसाचीही सुटका नाही. जन्मभर मेंढरं विसांनी मोजलेल्या माणसाला हे लगेच कळलं. त्यांनी बोटांवर हिशेब करून पाहिला.

"पर इंग्रजी वर्सात पाच दिस जास्ती हायती की," ते म्हणाले. "ते कुनाचं?"

मी हसलो. मामांनी मात्र ते पाच दिवस स्वतःच्या नावावर करून घेतले.

त्यांतल्या प्रत्येक दिवशी गव्हाची खीर शिजे आणि बोळभर आमंत्रण जाई. येत मात्र कोणी नसे. कोणाला सोवळं आडवं येई, कोणाला दया. गरिबाचं कशाला खायचं म्हणून भली माणसंही पोट बिघडल्याचं सांगत. एकाच दिवशी इतकी पोटं बिघडणारा बोळ तुम्ही पाहिला नसेल. मी जात असे. मामा आणखी चार पानं मांडून ठेवत आणि जेवताना दाराकडे बघत राहत.

शेवटच्या वर्षी त्यांच्या पाचांतला एकच दिवस उरला होता, आणि ते तापाने अंथरुणाला खिळले. संध्याकाळी मी घरून पेज नेली. त्यांनी वाटी बाजूला सारली.

"ह्यो दिस माजा हाय. तुमी पावनं. मडक्यात गहू हायती, गूळ बी हाय."

मग त्यांच्याच चुलीवर मी खीर केली आणि त्यांच्यासमोर जेवायला बसलो. त्यांना मान उचलवत नव्हती, पण लक्ष सगळं माझ्या ताटाकडे.

"आनकी घ्या की. लाजू नगा."

भूक नव्हती, तरी मी पुन्हा वाढून घेतलं. मामांनी निवांत कूस बदलली.

सकाळी सगळा बोळ त्यांच्या दारात जमला होता.