मामाजींची लंका

शाळेचा परिपाठ संपून मुलं रांगेनं वर्गात जात होती, तेवढ्यात माझ्या नवऱ्याचा, प्रमोदचा फोन आला. "बाबा गेले," तो म्हणाला. मी विचारलं, "कुठं?" त्या प्रश्नाची मला अजून लाज वाटते. पण सकाळी मी घरून निघाले तेव्हा मामाजी डोक्याला दुपट्टा गुंडाळत, धानाची रोपं लावणाऱ्या, रोवणीच्या बायांना चहा पोचला का म्हणून विचारत होते. असा माणूस दोन तासांत गेला तर कुठं जाणार... साकोलीला, खत आणायला. प्रमोद पुढं काहीच बोलला नाही, तेव्हा कळलं. बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, धुऱ्यावर ते टेकले, कोणाला तरी पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत मान कलली होती, असं बायांनी नंतर सांगितलं.

सात आठवडे झाले त्याला. आमच्या भंडाऱ्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात आणि सासूला आत्या. एकोडीत आमची धानाची शेती आहे. गावतलावाचं पाणी कोणत्या दिवशी कोणाच्या बांधीत जाईल, हे तीसेक वर्षं मामाजी ठरवत आले. कोणी त्यांना नेमलं नव्हतं, पगार नव्हता. पाण्यावरून माणसं एकमेकांच्या अंगावर गेली की दोघंही आमच्या ओसरीत येत, आणि मामाजी जे म्हणतील ते ऐकून परत जात. घरातलं एक भांडण मात्र त्यांना मिटवता आलं नव्हतं.

वैशाली माझी नणंद, प्रमोदहून धाकटी. नर्सिंग शिकून ती मस्कतला नोकरीला गेली. तिथल्या दवाखान्यात सुमित नावाचा श्रीलंकेचा मुलगा तिला भेटला, दोघांनी लग्न केलं, आणि चार दिवसांनी तिनं घरी फोन करून सांगितलं. मामाजींचा राग परक्या देशाचा होता, परक्या धर्माचा होता, की आधी न सांगितल्याचा, हे त्यांनी कधी फोडून सांगितलं नाही. त्या दिवशी त्यांनी फोन आत्यांच्या हातात दिला आणि अंगणात निघून गेले. पुढं वैशाली नवऱ्याच्या गावी श्रीलंकेत राहायला गेली, तिला मुलगी झाली, तिचं नाव तारा ठेवलं. आठ वर्षं मामाजी तिच्याशी बोलले नाहीत. दुपारी ते शेतावर गेले की आत्या स्वयंपाकघरात बसून लेकीशी बोलायच्या. मामाजींना हे ठाऊक होतं. फाटकातून आत येताना ते मोठ्यानं खाकरत आणि चपला काढायला उगाच वेळ लावत, आत्यांना फोन ठेवता यावा म्हणून.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी आत्यांना गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं. रात्रीचं जेवण चाललं होतं, तेव्हा त्या म्हणाल्या, "पाय चालते तोवर मले एक डाव लंका दाखवा." मामाजींनी ताटातला भात संपवला, हात धुतला, मग म्हणाले, "लंका पाहू. समुद्रही पाहू. पण तिच्या दाराशी गाडी जाणार नाही." हे ते माझ्याकडे बघून बोलले, कारण तिकिटं आणि मुक्काम मीच ठरवणार होते. "नाही जाणार, मामाजी," मी म्हणाले. आणि त्याच आठवड्यात तिस्समहाराम या गावी, म्हणजे वैशालीच्याच गावात, दोन दिवसांचा मुक्काम ठरवून टाकला. प्रमोदला सांगितलं, आत्यांनाही सांगितलं. जंगल बघायला थांबतो आहोत, असं मामाजींना सांगायचं ठरलं.

मे महिन्यात आम्ही चौघं निघालो. इकडे बांधीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या आणि तिकडे विमानतळाबाहेर पडल्यापासून नजर जाईल तिथं हिरवं. कोलंबोहून भाड्याची व्हॅन केली होती. रस्ता दक्षिणेकडे समुद्राला धरून जातो. एका बाजूला नारळ, छोटी दुकानं, पांढऱ्या कपड्यांतली शाळेची मुलं, दुसऱ्या बाजूला पाणी. मामाजी ड्रायव्हरशेजारी बसले होते. समुद्र त्यांनी जन्मात पहिल्यांदा पाहिला. बराच वेळ बघून म्हणाले, "एवढं पाणी, आन् एका बांधीच्या कामाचं नाही." आत्या हसल्या. त्या प्रवासात त्या हसायच्या आणि लगेच गप्प व्हायच्या. त्यांच्या मांडीवर एक पिशवी होती, तिच्यात नातीसाठी शिवलेले दोन परकर होते. ती पिशवी त्यांनी कोलंबोपासून खाली ठेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी समुद्रकाठच्या एका खाणावळीत जेवायला थांबलो. जेवण येईपर्यंत मामाजी आत्यांच्या पिशवीकडे बघत होते. मग त्यांनी मला विचारलं, "ती कोण्या गावाले राहते?" आठ वर्षांत वैशालीबद्दल त्यांनी विचारलेला तो पहिला प्रश्न होता. खोटं आणखी ओढणं मला जमलं नाही. "आज आपला मुक्काम आहे तिथंच, मामाजी."

ते उठले आणि वाळूतून चालत पाण्याच्या कडेपर्यंत गेले. प्रमोद मागं जायला निघाला, आत्यांनी त्याचा हात धरला. पंधरा-वीस मिनिटं ते तसेच पाठमोरे उभे होते. परत आले तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. "तू मले खोटं बोलली," ते म्हणाले. "हो, मामाजी." "हिले मालूम होतं?" आत्यांनी मान हलवली. "प्रमोदले?" "हो, बाबा." ते खुर्चीवर बसले. "म्हणजे गाडीत मीच एक पाहुणा होतो," असं म्हणून त्यांनी ताट पुढं ओढलं. रागावले असते तर सोसलं असतं. ते खाली मान घालून जेवत राहिले.

तिस्समहारामला पोचल्यावर ते गेस्ट हाऊसच्या खोलीत गेले. "तुम्ही जा. माह्यासाठी थांबू नोका." आम्ही तिघं वैशालीच्या घरी गेलो. ती फाटकाशी उभी होती. आत्या उतरल्या, मी उतरले, प्रमोद उतरला. प्रमोदनं व्हॅनचं दार लावून घेतलं तरी वैशाली त्या दाराकडेच बघत होती... मग ती आईच्या गळ्यात पडली. सुमित दवाखान्यात कामावर होता, त्याचे वडील व्हरांड्यात उभे होते. लुंगी नेसलेले, काटक, मामाजींच्याच वयाचे, तेही धानाचेच शेतकरी. त्यांनी सुनेला त्यांच्या भाषेत काही विचारलं, तिनं खाली बघून दोन शब्दांत उत्तर दिलं. त्यांनी सायकल काढली आणि कोणाला काही न सांगता निघून गेले.

ऊन उतरल्यावर मामाजींना बघायला आम्ही गेस्ट हाऊसला परतलो. वैशालीही आली, बाहेरच थांबते म्हणाली. खोलीला कुलूप होतं. तिथल्या माणसानं तलावाच्या दिशेनं हात दाखवला. त्या गावाला आपल्यासारखाच तलाव आहे, आपल्याहून किती तरी मोठा, त्याच्या मातीच्या बांधावरून, पाळीवरून लोक फिरायला जातात. पाणी सोडायच्या गेटाजवळ सायकल आडवी पडली होती, आणि तिच्या शेजारी दोघं म्हातारे उकिडवे बसले होते. मामाजींनी काडीनं ओल्या मातीत बांध्या आखल्या होत्या, त्यांच्यामधून पाण्याची रेघ ओढली होती. सुमितचे वडील ती रेघ बोटानं पुसून दुसरीकडून ओढत होते. दोघांना एकमेकांचा एकही शब्द कळत नव्हता. आम्हाला पाहून मामाजी थांबले. वैशाली चार हातांवर उभी होती. ते तिच्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "त्यायले विचार, हे गेट किती दिसानं उघडते."

ती दोन पावलं पुढं आली. मग तिनं सासऱ्यांना विचारलं, त्यांनी सांगितलं, आणि ती मामाजींना म्हणाली, "आठ दिसानं, बाबा." "शेवटच्या बांधीले पुरते?" तिनं पुन्हा विचारलं. "नाही पुरत म्हणते. तिथं भांडण होते." "आमच्याकडंही होते म्हणाव," मामाजी म्हणाले. "आन् हे फेकून काहून पेरलं? रोवत काहून नाही?" "रोवायले माणसं नाही भेटत म्हणते." मामाजींनी मान डोलावली. दोघांना अजून खूप विचारायचं होतं, आणि प्रत्येक शब्द वैशालीच्या तोंडून जाणार होता. ती दोघांच्या मध्ये मातीत बसली. डोळ्यांतलं पाणी ती पुसत नव्हती, कारण पुसायला थांबली असती तर पुढचा प्रश्न राहिला असता. अंधारून येईपर्यंत ते चाललं. आत्या पाळीवर पिशवी घेऊन बसून होत्या, परकर मामाजींसमोरच द्यायचे म्हणून त्यांनी ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी मामाजी लेकीच्या घरी जेवले. शिजवलेल्या तांदळाला तिथं 'बत' म्हणतात हे कळल्यावर त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. आत्यांनी शिवलेला परकर नेसून आलेल्या ताराला मांडीवर घेतलं. माफी कोणी मागितली नाही, कोणी मागितलीही नसती. परतीच्या वाटेवर ते मला एवढंच म्हणाले, "पुन्हा खोटं बोलू नोको." थोड्या वेळानं म्हणाले, "हिले बरं वाटलं पण."

त्यानंतर दर रविवारी सकाळी नऊला फोन ठरला. मामाजी ओसरीतल्या खुर्चीवर बसत, फोनचा आवाज मोठा करत आणि इवाईंशी, म्हणजे व्याह्यांशी, तलाव, पाऊस, धान यावर बोलत. वैशाली मध्ये असायची. कधी कधी प्रश्न संपले तरी ते फोन ठेवत नसत. "तू जेवली का?" असं ते हळूच विचारत. गावी ये, असं मात्र त्यांनी तिला दोन वर्षं म्हटलं नाही. या जूनमध्ये म्हटलं. दिवाळीला ये, पोरीले घेऊन ये, इवायाले पण आण. मग स्वतःच गावभर सांगत फिरले.

ती आली, पण मामाजी गेल्यावर तिसऱ्या दिवशी. अग्नी दिला तेव्हा ती चेन्नईच्या विमानतळावर बसली होती. राख सावडायला आम्ही तिच्यासाठी दुपारपर्यंत थांबलो. ती रडली नाही. सावडून झाल्यावर तिनं विचारलं, "रोवणी किती राहिली?" अर्धी राहिली होती. चौथ्या दिवशी सकाळी ती साडीचा काचा मारून बायांच्या ओळीत उभी राहिली. मीही तिच्या शेजारी गेले. दोन दिवसांत बांध्या भरल्या. तेरवी आटोपून ती परत गेली.

मागच्या रविवारी सकाळी नऊला फोन वाजला. मीच उचलला. वैशाली म्हणाली, "वहिनी, सासरे विचारून राहिले, तलाव किती भरला?" मी प्रमोदकडे पाहिलं, त्याला माहीत नव्हतं. आत्यांनाही नव्हतं. आजवर घरात कोणाला ते बघायला जावंच लागलं नव्हतं. "फोन चालू ठेव," मी म्हणाले, आणि चपला घालून पाळीवर गेले. या गावात येऊन मला चौदा वर्षं झाली, पण तलाव किती भरला हे बघायला मी पहिल्यांदाच गेले. पायऱ्यांवर पाणी कुठवर आलं होतं ते मोजलं, दोनदा मोजलं. तिकडं वैशाली थांबली होती, तिचे सासरेही. "वरच्या दोन पायऱ्या बाकी आहे," मी सांगितलं. तिनं ते त्यांच्या भाषेत सांगितलेलं मला ऐकू आलं, आणि मग त्यांचा पुढचा प्रश्न.